पासिंगआधी सायलेन्सर साफ केला, तरी डिझेल गाडी काळा धूर का सोडते?

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर बाजारावर सोडले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. मधल्या चार वर्षांत दोन इंधनांच्या दरातला फरक इतका वाढला की एका टप्प्यावर देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्या डिझेलच्या होत्या. त्या लाटेत घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं आता एकेक करून भरत आहेत. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी संपते, आणि ती पुढे चालवायची असेल तर आरटीओत पासिंग करून घ्यावं लागतं.

मालवण किनाऱ्यावरच्या तोंडवलीसारख्या गावात अशी गाडी म्हणजे हौस नसते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी, असं हे तोंडवली-तळाशील. पलीकडे सर्जेकोट डोळ्यांना दिसतं, पण गाडीने मालवण गाठायचं तर खाडीला वळसा घालावा लागतो. बाजार आचऱ्याला, तालुक्याची कामं मालवणला, जिल्हा रुग्णालय ओरोसला. घरी होम-स्टे असेल तर पाहुण्यांची ने-आण वेगळीच. यातल्या कितीतरी गाड्या जुन्या डिझेलच्या आहेत आणि पासिंगची तारीख जवळ आली की सल्ल्यांना तोटा नसतो. “पासिंगाक जातलस तर आधी सायलेन्सर झाडून घे.” “डिझेलात एक बाटली ओत.” “हायवेक एक फेरी मार, आपसूक साफ होतली.”

या तीन सल्ल्यांपैकी पहिल्याचा उपयोग जवळजवळ शून्य, दुसऱ्याचा थोडासा आणि तिसऱ्याचा बऱ्यापैकी आहे. असं का, हे समजायला आधी तपासणीचं मशीन काय मोजतं ते पाहू. कारण तेच मशीन काय मोजत नाही, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

पीयूसी वेगळी, पासिंग वेगळं

बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो. पीयूसी म्हणजे फक्त धुराची तपासणी. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष ती लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांचं प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, त्याहून जुन्या मानकाच्या गाड्यांचं सहा महिने.

पासिंग म्हणजे पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण. ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्यासाठी नमुना २५ भरायचा, विमा आणि पीयूसी चालू असायला हवी, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी तपासणीला न्यायची. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, पत्रा असं सगळं त्यात येतं. एमएच-०७ च्या गाड्यांसाठी हे काम ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्गनगरीच्या, परिवहन कार्यालयाकडे आहे.

पैशाचाही विषय आहे. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं आणि उशीर झाल्यास महिन्याला ५०० रुपये जादा आकारणी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकींसाठी हे शुल्क १०,००० रुपये करण्यात आलं. म्हणजे तारीख चुकवणं आता परवडत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. “डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद” हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. महाराष्ट्रात नुसत्या वयावरून खासगी डिझेल गाडी बाद होत नाही, तिला तपासणीत उतरावं लागतं. त्यामुळे धुराचा आकडा आपल्याकडे खरोखर महत्त्वाचा आहे.

मशीन नेमकं काय बघतं?

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे वायू मोजतात. डिझेल गाडीची तऱ्हा वेगळी. तिथे वायू मोजत नाहीत, धुराचा काळेपणा मोजतात. यंत्राला म्हणतात स्मोक मीटर. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश टिपणारा सेन्सर, आणि मधून गाडीचा धूर जातो. धूर जितका दाट, तितका प्रकाश कमी पोचतो.

हा काळेपणा हार्ट्रिज स्मोक युनिट, म्हणजे एचएसयू, या एककात सांगतात. ४३० मिलिमीटर लांबीच्या धुराच्या थरातून जाताना किती टक्के प्रकाश अडला, तो हा आकडा. शून्य म्हणजे स्वच्छ हवा, १०० म्हणजे पूर्ण अंधार. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयूपर्यंत मुभा आहे, बीएस-४ गाड्यांना ५० पर्यंत.

पावतीवर ‘के’ नावाचा दुसरा आकडाही असतो. तो प्रकाश शोषला जाण्याचा गुणांक. ६५ एचएसयू म्हणजे के २.४५ आणि ५० एचएसयू म्हणजे के १.६२. एचएसयूमध्ये पंधराचाच फरक दिसतो, पण धुरातल्या काजळीचं प्रमाण के च्या हिशेबात चालतं, आणि तिथे मर्यादा सुमारे एक तृतीयांशाने खाली आलेली आहे. तेव्हा ‘६५ चे ५० म्हणजे किंचित कडक’ असं समजू नका.

आता तपासणीची पद्धत. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन तापलेलं, ऑइल किमान ६० अंश सेल्सिअसवर. आयडलिंगवरून ॲक्सिलेटर एकदम पूर्ण दाबायचा, इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत जाऊ द्यायचं, मग सोडायचा. असं अनेकदा करून आकडे स्थिर झाले की सरासरी घ्यायची. ॲक्सिलेटर असा झटक्यात का दाबतात? कारण डिझेल इंजिन सगळ्यात जास्त काळं तेव्हाच होतं. इंधन क्षणात वाढतं, हवा मात्र मागाहून येते. टर्बो असेल तर त्याला फिरायला आणखी थोडा वेळ लागतो. त्या क्षणी सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी असते, आणि जे जळत नाही ते कार्बन होऊन बाहेर पडतं.

काजळी बसते कुठे, येते कुठून?

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काळं लागतं, म्हणून आपल्याला वाटतं की घाण तिथे आहे. ते तोंड घासून चकाचक केलं तरी मशीनच्या आकड्यात फरक पडत नाही. चिकटून बसलेली काजळी मोजली जात नाही, धुराबरोबर उडालेली मोजली जाते.

उडण्याजोगी सुटी काजळी सायलेन्सरच्या आत, वळणांत आणि कप्प्यांत साठलेली असते. जास्त दिवस उभ्या असलेल्या किंवा कायम जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती जास्त. ॲक्सिलेटर दाबला की पहिल्या एक-दोन झटक्यांत ती भसकन बाहेर येते. त्यामुळेच मोजणीच्या आधी गाडी दोन-तीन वेळा रेस करून पाइप मोकळा करून घ्यायचा असतो.

यात गाडीमालकाला उपयोगी पडणारी एक खूण दडलेली आहे. तपासणी चालू असताना स्क्रीनवरचे आकडे बघा. पहिला आकडा मोठा, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी, असा उतरता क्रम असेल तर साठलेली काजळी बाहेर पडते आहे आणि इंजिन ठीक असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक वेळी आकडा तसाच वर राहत असेल तर काजळी त्या क्षणी इंजिनात तयार होते आहे. मग सायलेन्सर बदलला तरी नवा सायलेन्सर आठवड्याभरात तितकाच काळा होईल.

इंजिनात काजळी जास्त होण्याची कारणं मोजकी आहेत. हवा कमी पडते: एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोचा होज पाइप फाटलेला किंवा त्याची क्लिप सैल. डिझेल नीट फवारलं जात नाही: नोझल झिजलेले किंवा चोंदलेले, त्यामुळे बारीक तुषारांऐवजी मोठे थेंब पडतात. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला: हा व्हॉल्व्ह थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतो म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, पण तो मिटायच्या वेळी मिटला नाही तर ताज्या हवेची जागा धूर घेतो. आणि शेवटचं, सगळ्यात खर्चिक कारण: पिस्टन रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेलेलं.

रंगावरूनही बरंच कळतं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा कूलंट आत जातंय. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना थोडी पांढरी वाफ दिसते, ती पाण्याची. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती जास्त दिसणारच.

जवळच्या फेऱ्या आणि चाकरमान्यांची गाडी

डिझेल इंजिनाला लांबचा, सलग, जरा ओझ्याचा प्रवास मानवतो. तोंडवलीतून आचऱ्याला मासळी किंवा किराणा आणायला जायचं, अर्धा तास गाडी उभी, मग परत. रस्ता अरुंद, वळणं सतत, वर माणसं आणि गुरं. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर जाते. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं वाटतं, पण ऑइल त्याच्या मागून तापतं आणि सायलेन्सरचा मागचा भाग सगळ्यात शेवटी. तो गरम होण्याआधीच गाडी दारात येऊन उभी राहते. आत पाण्याची वाफ थिजते, काजळी तिच्यात कालवून चिकटते आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरून खारी हवा आपलं काम करत असतेच.

दुसरी तऱ्हा चाकरमान्यांच्या गाडीची. गाडी गावच्या खळ्यात झाकून ठेवलेली, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर निघते. मधल्या काळात टाकीत पाणी सुटतं, एअर फिल्टरमध्ये उंदीर घर करतात, पीयूसी संपलेली असते. चतुर्थीच्या आठवड्यात बॅटरी जोडून थेट पीयूसीला नेली तर पहिल्या झटक्याला काळा लोट येणार यात नवल नाही. त्या गाडीचं इंजिन वाईट आहे असं मात्र त्यावरून ठरत नाही.

गंजाबद्दल आणखी एक. पाइपला मध्येच भोक पडलं असेल तर धूर तिथूनच निसटतो, बाहेरची हवा आत मिसळते आणि मशीनला कमी आकडा दिसू शकतो. अशी गाडी पास झाली तर खूश होऊ नका. तो धूर गाडीच्या पोटाखाली साठतो आणि खिडक्यांतून आत येतो.

पासिंगच्या आधी काय करावं?

तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी सुरुवात करा. क्रम असा ठेवा, कारण स्वस्त उपाय आधी येतात.

पहिलं, आरसी पाहा. गाडी बीएस-३ आहे की बीएस-४, त्यावर मर्यादा ठरते. २०१०-११ च्या सुमारास मोठ्या शहरांत बीएस-४ लागू झालं होतं, उरलेल्या देशात बीएस-३ होतं. बीएस-४ सगळीकडे आलं ते १ एप्रिल २०१७ पासून. सिंधुदुर्गात नोंदलेली त्या काळातली गाडी दोहोंपैकी काहीही असू शकते.

दुसरं, एअर फिल्टर. काढून उजेडाकडे धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. वाळूच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो.

तिसरं, डिझेल फिल्टरमधलं पाणी. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. पावसाळ्यानंतर एकदा तो उघडून पाणी काढलेलं बरं. फिल्टर जुना असेल तर बदलाच.

चौथं, ऑइल आणि टायमिंग बेल्ट. तपासणीत इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत जातं. ऑइल कमी असेल किंवा बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर तिथेच इंजिनाचं मोठं नुकसान होऊ शकतं. मेकॅनिकला हे आधी विचारा.

पाचवं, टर्बोचे होज पाइप आणि क्लिपा. पाइपवर ऑइलचा ओला डाग आणि ॲक्सिलेटर दिल्यावर सुस्स आवाज, या दोन खुणा. या दुरुस्तीला नोझलच्या कामाच्या मानाने फार थोडे पैसे लागतात, तरी बहुतेक जण आधी नोझलकडे धावतात.

सहावं, ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेक साफ करणं. हे घरी करायचं काम नाही, पण जाणत्या मेकॅनिकला ते रोजचं आहे. जुन्या गाडीत हवेची वाट काजळी आणि ऑइलच्या लगद्याने अर्धी बुजलेली निघते. खरी ‘काजळी साफ करणं’ म्हणावं ती ही.

एवढं करूनही आकडा खाली येत नसेल तर नोझल तपासायला द्या. डिझेलमध्ये ओतायच्या बाटल्या नोझलवरचा थोडा थर काढतात, म्हणून त्यांचा उपयोग थोडासा म्हटला. झिजलेला नोझल किंवा गेलेलं कॉम्प्रेशन कुठल्याही बाटलीने परत येत नाही.

आणि मग तो हायवेचा सल्ला. आचऱ्याहून कणकवलीकडे, किंवा मालवणहून कसालकडे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून वेगमर्यादेत अर्धा तास सलग गाडी चालवली, शक्य तिथे एक गिअर खाली ठेवून, तर ऑइल पूर्ण तापतं, ओलावा उडून जातो आणि सुटी काजळी झटकली जाते. ओरोसला जायचा रस्ता तोच असल्यामुळे हे वेगळं करावंही लागत नाही. फक्त तिथे पोचून दोन तास रांगेत इंजिन चालू ठेवू नका. आयडलिंगवर इंजिनाची आग मंद असते आणि काजळी पुन्हा साठते. नंबर जवळ आला की गाडी सुरू करून पुन्हा तापवून घ्या.

नापास झालात तर नापासाची चिठ्ठी मागून घ्या. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभर पीयूसीचा एकच नमुना ठरवला, त्यात क्यूआर कोड आला आणि गाडी मर्यादेबाहेर असल्यास कारणासह नकाराची चिठ्ठी देण्याची तरतूदही आली. मेकॅनिकसाठी ती चिठ्ठी डॉक्टरकडे न्यायच्या रिपोर्टसारखी आहे.

बीएस-६ गाडीचं गणित वेगळं

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल कारमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या, एक पुढून बंद तर शेजारची मागून बंद, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. बीएस-४ मध्ये कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. ही गाळणी नसती तर ते जमलं नसतं.

गाळणी भरली की गाडी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी सलग चालणं लागतं, आणि जवळच्या फेऱ्यांत ते दर वेळी अर्धवट राहतं. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तेव्हा गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सलग चालवा, साधारण वीस मिनिटं चांगल्या वेगात, मध्ये बंद न करता. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नसतं. रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं तर जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल बदला. आणि ऑइल कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच घाला, कारण काजळी जळते, राख जळत नाही आणि गाळणीत कायमची बसते.

अशा गाडीचा सायलेन्सर आतून स्वच्छ दिसायला हवा. बीएस-६ डिझेलच्या पाइपात बोट काळं होऊ लागलं तर गाळणी तडकली असण्याची शक्यता आहे. इथे पुसून टाकायची घाई नको, ती खूण आहे.

काय करू नये?

सायलेन्सरमध्ये पाणी, ॲसिड किंवा कॉस्टिक ओतू नका. पत्रा खाल्ला जातो, आणि गाळणी किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो कामातून जातो. कॉम्प्रेसरच्या हवेने काजळी उडवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला आहे. पुसायचंच असेल तर गाडी थंड झाल्यावर, ओल्या फडक्याने, मास्क लावून. बंद शेडमध्ये गाडी रेस करू नका.

डीपीएफ पोकळ करून देणारे किंवा ईजीआर बंद करून देणारेही भेटतात. गाडी हलकी पळते, दिवा जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तसंच जुन्या पंपाचा स्क्रू पिळून पासिंगपुरतं डिझेल कमी करायचं आणि घरी आल्यावर परत सोडायचं, हीही जुनी युक्ती. तिने मशीन फसतं. घरासमोरचा धूर तेवढाच राहतो.

मशीनला न दिसणारी काजळी

२०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी राज्यात ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ राबवण्याची घोषणा केली. म्हणजे प्रमाणपत्र नाही तर पंपावर इंधन नाही. पीयूसी नसल्यास कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आधीपासून आहेच. कागदाची किंमत अशी वाढत चालली आहे. पण कागदामागची तपासणी तितकी भक्कम आहे का?

दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावरचा कॅगचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळात तपासलेल्या २२.१४ लाख डिझेल वाहनांपैकी २४ टक्क्यांच्या बाबतीत चाचणीचा आकडाच नोंदलेला नव्हता. ४,००७ वाहनं आकडा मर्यादेबाहेर असूनही पास दाखवली होती. वर आपण पाहिलं की इंजिन तापवून, पाइप मोकळा करून, अनेकदा रेस करून सरासरी घ्यायची असते. ते सगळं सोडा, इथे आकडाच नाही. हा हिशेब दिल्लीचा आहे, पण पद्धत, यंत्रं आणि नियम देशभर तेच आहेत.

कागदाला दुसरी सक्ती जोडण्याचा प्रयोग आधीही झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असा आदेश दिला. परिणामी पीयूसीअभावी थर्ड पार्टी विमाच नसलेल्या गाड्या रस्त्यावर राहिल्या आणि अपघातग्रस्तांच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला. शेवटी जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. इंधनाची अट घालताना हा अनुभव लक्षात ठेवायला हवा. पीयूसी केंद्र जवळ नसलेल्या किनाऱ्यावरच्या गावात ती अट जास्त जाचेल, आणि जाचलेला माणूस चाचणीपेक्षा कागद शोधेल.

दुसरी अडचण तांत्रिक आहे आणि ती पुढे वाढत जाणार. प्रकाश अडवून काळेपणा मोजणारं यंत्र जुन्या, उघड्या डिझेल इंजिनासाठी बनलेलं आहे. बीएस-६ चा धूर इतका विरळ असतो की गाळणी धड आहे की तडकलेली, यातला फरक अशा यंत्राला नीट दिसत नाही. गाळणी फुटलेली गाडीही आरामात पास होऊ शकते. युरोपात हाच प्रश्न आल्यावर काही देशांनी यंत्रच बदललं. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडने जानेवारी २०२३ पासून, जर्मनीने जुलै २०२३ पासून गाळणी असलेल्या डिझेल गाड्यांच्या वार्षिक-द्विवार्षिक तपासणीत कण मोजणारी यंत्रं आणली. गाडी आयडलिंगवर ठेवायची आणि घन सेंटिमीटरमागे किती कण येतात ते मोजायचं. जर्मनीची मर्यादा अडीच लाख, नेदरलँड्सची दहा लाख. गाडी रेस करावी लागत नाही, त्यामुळे इंजिनाला ताण नाही आणि ॲक्सिलेटर हळू दाबून आकडा कमी दाखवायला वावही नाही.

आपल्याकडे नव्या गाडीला मान्यता देताना कणांची संख्या मोजतात. बीएस-६ च्या मानकातच किलोमीटरमागे कणांची कमाल संख्या दिलेली आहे. विकल्यानंतर मात्र त्याच गाडीला आपण काळेपणाच्या यंत्रापुढे उभं करतो. परीक्षा प्रवेशाला कडक आणि पुढे पंधरा वर्षं नावापुरती, असा हा प्रकार झाला. पंपावर कागद तपासायला माणूस उभा करण्याआधी पीयूसी केंद्रातला आकडा खरा करणं, आणि नव्या गाड्यांसाठी कण मोजणारं यंत्र निदान पासिंगच्या केंद्रांवर तरी आणणं, हे काम आधीचं आहे.

तोवर गाडीमालकाच्या हातात आहे ते एवढंच: पीयूसीला गेल्यावर कागद खिशात घालण्याआधी त्यावरचा एचएसयूचा आकडा वाचा आणि जपून ठेवा. मर्यादा ६५ आणि तुमचा आकडा मागच्या वेळी ३०, या वेळी ४८, तर गाडी पास आहे, पण इंजिनात काहीतरी बिघडत चाललं आहे. एअर फिल्टरने भागायचं काम त्या टप्प्यावर सापडलं तर नोझलपर्यंत जावं लागत नाही. शिवाय त्या धुरात सगळ्यात आधी उभी राहतात ती पडवीत बसलेली आपलीच माणसं. त्यांच्यासाठी ६४ एचएसयू आणि ६६ एचएसयू यांत काही फरक नसतो.